खासगी चिठ्ठी, सरकारी खिडकी

आपल्या घरातील किंवा नात्यातील तिशी-चाळिशीतला एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. तो बुद्धीने कमी नाही, मनाने वाईट नाही. पण हाती घेतलेले काम क्वचितच तडीस जाते. विजेचे बिल भरायला निघतो आणि तिसरेच काम करून परततो. मोटारसायकलची किल्ली रोज हरवते. दोन-तीन वर्षांत चार नोकऱ्या होतात. घरच्यांनी वेंधळा, धांदरट, आळशी ही सारी विशेषणे त्याला केव्हाच लावलेली असतात. अशांपैकी काहींना मोठेपणी, बहुधा पुण्यासारख्या शहरात, मनोविकारतज्ज्ञाकडून कळते की या वागण्यामागे एडीएचडी नावाचा विकार आहे. औषध सुरू होते, चार-सहा महिने बरे जातात, कामात लक्ष लागू लागते; आणि मग कधीतरी उपचार खंडित होतो.

प्रस्तुत लेख या खंडाविषयी आहे. खासगी डॉक्टरांकडे सुरू झालेला उपचार खर्च न झेपल्याने सरकारी रुग्णालयात न्यायचा असतो आणि या दोन दारांमधल्या रस्त्यात तो हरवतो. त्यामागे एक विचित्र कोंडी आहे. तारीख लक्षात ठेवणे, कागद जपणे, रांगेत धीर धरणे आणि औषध संपण्याआधी पुढची सोय करणे यांवर हा उपचार टिकतो. आणि नेमक्या याच गोष्टी हा विकार माणसाला अवघड करून ठेवतो. म्हणून साखळीचे एक टोक घरातील दुसऱ्या कोणीतरी धरणे आवश्यक असते. अनेक घरांत ते टोक साठी-सत्तरीतल्या आईवडिलांच्या हाती येते. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिला आहे.

हा विकार काय आहे आणि काय नाही

एडीएचडीला मराठीत अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार असे म्हणतात. लक्ष टिकवणे, मनाची ओढ आवरणे आणि कामाची आखणी करणे ही मेंदूची कार्ये लहानपणापासूनच कमकुवत राहिलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या वर्गीकरणात त्याची गणना मेंदूच्या विकासाशी निगडित विकारांत केलेली आहे. लहान मुलांत धावपळ व दंगा ठळक दिसतो. वय वाढते तशी बाहेरची चंचलता ओसरते आणि विस्मरण, चालढकल, वेळेचे भान सुटणे, क्षणात घेतलेले निर्णय ही लक्षणे मागे उरतात. प्रौढांमध्ये साधारणतः शंभरात दोन ते तीन जणांना हा विकार असतो असे अभ्यासक मानतात.

ज्येष्ठ वाचकांनी येथे एक भेद ध्यानी घ्यावा. एडीएचडीचे निदान होण्यासाठी त्याची काही लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात. साठीनंतर नव्याने सुरू झालेला विसरभोळेपणा हा एडीएचडी नव्हे. त्यामागे थायरॉइडचा दोष, जीवनसत्त्व ब-१२ची कमतरता, झोपेत श्वास अडखळणे, नैराश्य किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. त्याची तपासणी वेगळी करून घ्यावी आणि मुलाच्या गोळ्या स्वतःवर कधीही आजमावू नयेत.

उपचारात समुपदेशन, दिनक्रमाची शिस्त आणि औषध या तिन्हींचा वाटा असतो. आपल्याकडे प्रामुख्याने दोन औषधे वापरली जातात. मिथिलफेनिडेट हे उत्तेजक वर्गातील औषध असून त्याचा परिणाम साधारण तासाभरात सुरू होतो आणि गोळीच्या प्रकारानुसार काही तासांत ओसरतो. दुसरे अ‍ॅटोमॉक्सेटिन. ते उत्तेजक वर्गातील नाही, रोज घ्यावे लागते आणि त्याचा गुण दिसायला काही आठवडे जातात. या दोन औषधांतील फरक पुढे वारंवार उपयोगी पडणार आहे.

डिंभ्याहून पुण्यापर्यंत

आंबेगाव तालुक्यातील डिंभे हे घोड नदीवरील धरणाचे गाव. मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. पश्चिमेकडे डोंगर, भातखाचरे आणि हिरड्याची झाडे. पूर्वेकडे कालव्याच्या पाण्यावर फुललेला बागायती मुलूख. तालुक्याचे कामकाज घोडेगावी चालते, मोठी बाजारपेठ मंचरला आहे आणि मंचरहून पुणे साठेक किलोमीटर.

समजा, डिंभ्यात एक कुटुंब आहे. कुटुंब कल्पित आहे, अडचणी मात्र खऱ्या आहेत. मुलगा चाकणच्या कारखान्यात कामाला होता. वारंवार होणाऱ्या चुकांमुळे तो पुण्यातील एका खासगी मनोविकारतज्ज्ञाकडे गेला, निदान झाले, मिथिलफेनिडेट सुरू झाले. पुढे कंत्राट संपले आणि तो गावी परतला. आता दर महिन्याला तज्ज्ञांचे शुल्क, औषधाची किंमत, घोडेगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण असा एसटीचा प्रवास आणि बुडालेली मजुरी हे सारे एकत्र येते. भातलावणीच्या दिवसांत घरातून माणूस हलू शकत नाही. तेव्हा वडील म्हणतात, “सरकारी दवाखान्यात दाखवू, गोळ्या तरी फुकट मिळतील.” विचार योग्यच आहे; पण तीन ठिकाणी गाडी अडते.

पहिली अडचण कागदाची. खासगी डॉक्टरांची चिठ्ठी म्हणजे औषधाचे नाव आणि मात्रा. निदान कशावरून केले, कोणत्या चाचण्या झाल्या, आधी कोणते औषध देऊन पाहिले हे त्यावर नसते. दुसरी अडचण विश्वासाची. समोर आलेला तरुण एका नियंत्रित उत्तेजक औषधाचे नाव घेऊन तेच मागतो, तेव्हा सरकारी डॉक्टर सावध होतात. त्यात त्यांचा दोष नाही. अशा औषधाचा गैरवापरही होत असतो. तिसरी अडचण औषधाची. डॉक्टरांनी निदान मान्य केले तरी रुग्णालयाच्या औषध खिडकीवर ती गोळी असेलच असे नाही.

कुलपातले औषध

मिथिलफेनिडेट इतके दुर्मीळ का, हे समजून घेतले तर दुकानदाराशी होणारे निम्मे वाद टळतील. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्याच्या सूचीत या औषधाचा समावेश आहे. शिवाय औषध नियमावलीच्या ‘अनुसूची एक्स’मध्येही ते मोडते. या अनुसूचीतील औषधे विकण्यासाठी दुकानदाराला वेगळा परवाना घ्यावा लागतो, माल कुलपात ठेवावा लागतो आणि डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत घेऊन त्यांपैकी एक प्रत दोन वर्षे जपून ठेवावी लागते. एवढे सोपस्कार पाहता गावातली बहुतेक दुकाने ते ठेवतच नाहीत.

यातून आपल्यासाठी तीन व्यावहारिक गोष्टी निघतात. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडण्यापूर्वीच चिठ्ठी दोन प्रतींत आहे ना, तारीख, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक आहे ना, हे पाहावे. नाहीतर ऐंशी किलोमीटरचा फेरा पुन्हा पडतो. दुसरे, औषध किती वेळा आणि किती दिवसांच्या अंतराने द्यावे हे डॉक्टरांनी लिहिलेले नसेल तर नियमाप्रमाणे ती चिठ्ठी एकदाच चालते. म्हणून पुढच्या महिन्याची सोय कशी करायची हे त्याच भेटीत विचारावे. तिसरे, जे दुकान हे औषध ठेवते त्याचा दूरध्वनी क्रमांक घरी लिहून ठेवावा आणि निघण्यापूर्वी माल आहे का याची खात्री करावी.

अनेक वाचक विचारतील, हल्ली डॉक्टर फोनवरून औषध सांगतात, मग एवढा प्रवास कशाला? २५ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या दूरचिकित्सेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अनुसूची एक्समधील आणि अमली पदार्थविषयक कायद्याखालील औषधे फोनवरून किंवा व्हिडिओवरून लिहून देता येत नाहीत. मिथिलफेनिडेटसाठी प्रत्यक्ष भेट लागतेच. अ‍ॅटोमॉक्सेटिन या बंधनात येत नाही. ज्यांना दर महिन्याला शहर गाठणे अशक्य आहे, त्यांनी ही वस्तुस्थिती डॉक्टरांसमोर मोकळेपणाने मांडावी आणि दुसरे औषध आपल्या रुग्णाला चालेल का हे विचारावे. निर्णय मात्र त्यांचाच असू द्यावा. कारण अ‍ॅटोमॉक्सेटिन काही नैराश्यविरोधी गोळ्यांसोबत घेताना मात्रा बदलावी लागते, आणि काचबिंदू किंवा हृदयविकार असणाऱ्यांबाबत दोन्ही औषधांचा विचार काळजीपूर्वक करावा लागतो.

सरकारी दारी काय मागता येते

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला आणि १९९६ पासून त्याला जिल्हा कार्यक्रमाची जोड मिळाली. मनोविकारांचा उपचार मोठ्या मनोरुग्णालयांपुरता न राहता जिल्ह्यात आणि तालुक्यात पोहोचावा, हा त्याचा हेतू. आंबेगावकरांना जवळची दारे म्हणजे घोडेगावचे ग्रामीण रुग्णालय आणि मंचरचे उपजिल्हा रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर किंवा समुपदेशक तेथे कोणत्या दिवशी येतात हे आधी विचारून मगच जावे. पुढची पायरी औंध येथील जिल्हा रुग्णालय, येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आणि ससून सर्वोपचार रुग्णालयाचा मनोविकार विभाग. येरवड्याचे नाव ऐकताच पुष्कळ घरे दचकतात. परंतु तेथे बाह्यरुग्ण विभागही आहे आणि त्यात दाखवून माणूस त्याच दिवशी घरी परत येतो.

खर्चाविषयीही नेमके जाणून घ्यावे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. ससून हे वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येते, म्हणून तेथील शुल्काची चौकशी स्वतंत्रपणे करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. महिन्याच्या गोळ्यांचा खर्च त्यातून भागेल या भरवशावर राहू नये.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ हा आपल्या हातातील महत्त्वाचा आधार आहे. त्याच्या कलम १८ नुसार सरकारी किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थांत मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. अत्यावश्यक औषधांच्या यादीतील मनोविकारांवरील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळावीत, असेही त्यात म्हटले आहे. मात्र हा हक्क यादीला बांधलेला आहे. मिथिलफेनिडेट आपल्या आदर्श यादीत घ्यावे यासाठी आलेले प्रस्ताव जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ आणि २०२१ मध्ये मान्य केले नाहीत. त्यामुळे खिडकीवर “नाही” असे उत्तर मिळाले तर तेथील कर्मचाऱ्याशी भांडून उपयोग नाही. डॉक्टरांकडे परत जाऊन तीन प्रश्न विचारावेत: हे औषध आपल्या रुग्णालयाच्या यादीत आहे का? नसेल तर यादीतील कोणते औषध आमच्या रुग्णाला चालेल? आणि ते चालणार नसेल तर बाहेरून घेण्यासाठी दोन प्रतींत चिठ्ठी मिळेल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले तरी मोठा भार हलका होतो. कारण औषध विकत घ्यावे लागले तरी दरमहाचे तज्ज्ञांचे शुल्क वाचते.

दुसरी एक मर्यादाही सांगितली पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडीचे नाव स्वतंत्रपणे नाही. म्हणून केवळ या निदानावर दिव्यांगत्वाचा दाखला मिळवून देतो असे कोणी सांगत असेल, तर पैसे देण्यापूर्वी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

इंग्लंडमध्येही हीच फट

ही अडचण केवळ आपल्या खेड्यांची आहे असे समजण्याचे कारण नाही. ज्यांची मुले-नातवंडे इंग्लंडमध्ये आहेत त्यांनी ‘शेअर्ड केअर’ हा शब्द ऐकला असेल. तज्ज्ञाने उपचार सुरू करावा, मात्रा स्थिर करावी आणि नंतर रोजच्या डॉक्टरांनी सरकारी सेवेतून तो चालू ठेवावा, अशी ती पद्धत. सरकारी तपासणीसाठी अनेक भागांत वर्षानुवर्षे थांबावे लागत असल्याने लोक खासगीत निदान करून घेतात. पण नंतर तो उपचार पुढे चालवण्यास सरकारी सेवेतील डॉक्टर नकार देऊ शकतात, आणि कित्येक कुटुंबे मधेच अडकतात. सप्टेंबर २०२३ मध्ये तर या औषधांच्या तुटवड्याबद्दल तेथे राष्ट्रीय पातळीवर सूचना काढावी लागली.

तरीही त्या पद्धतीतील मूळ कल्पना घेण्याजोगी आहे: तज्ज्ञ आणि जवळचा डॉक्टर यांनी काम वाटून घ्यावे. डिंभ्यासारख्या गावातही त्यातील अर्धे काम आज होऊ शकते. दोन्ही औषधांनी नाडीचा वेग व रक्तदाब वाढू शकतो, भूक आणि वजन घटू शकते. म्हणून या गोष्टी नियमित मोजाव्या लागतात, आणि मोजण्यासाठी पुण्याला जाण्याची गरज नाही. आपण स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जात असाल, तर त्याच फेरीत मुलाचा रक्तदाब, नाडी व वजनही तपासून वहीत तारखेसह लिहून घ्यावे. ती वही पाहून तज्ज्ञांना पुढचा निर्णय घेणे सोपे जाते आणि सरकारी डॉक्टरांनाही उपचार जबाबदारीने चालला आहे याची खात्री पटते.

कागद जपणारी पिढी

डिंभे धरणाच्या परिसरातील ज्येष्ठांना कागदाचे मोल वेगळे सांगायला नको. जमीन पाण्याखाली गेली त्या घरांनी धरणग्रस्ताचा दाखला, सातबाऱ्याचे जुने उतारे, पुनर्वसनाचे पत्र पत्र्याच्या पेटीत वर्षानुवर्षे सांभाळले. एक कागद नसला की कचेरीचे किती हेलपाटे होतात, हे त्यांनी सोसले आहे. तीच सवय येथे औषधाइतकी उपयोगी आहे.

एक साधी फाइल करावी. तिच्यात खासगी तज्ज्ञांचे निदानपत्र सर्वांत वर असावे. हे पत्र मागण्यास संकोचू नये. “आमचा उपचार सरकारी रुग्णालयात सुरू ठेवायचा आहे, त्यासाठी सविस्तर पत्र द्यावे,” असे स्पष्ट सांगावे. निदान कोणी, केव्हा व कशाच्या आधारे केले. सध्याचे औषध व मात्रा. आधी दिलेली औषधे आणि ती का थांबवली. हृदयाची तपासणी झाली असल्यास तिचा निष्कर्ष. एवढे त्यात असावे. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेल्या नोंदी डॉक्टरांनी ७२ तासांत द्याव्यात असे बंधन आहे, आणि २०१७ च्या अधिनियमातही आपल्या उपचाराच्या नोंदी मिळण्याचा हक्क मान्य केलेला आहे. त्याखाली चिठ्ठ्यांच्या प्रती, औषधाच्या पावत्या, रक्तदाबाची वही आणि आधारपत्राची छायाप्रत. प्रत्येक कागदाचे छायाचित्र घरातील दोघांच्या मोबाइलमध्ये असावे. सरकारी खिडकीवर मूळ प्रत कधीही सोडून येऊ नये.

आईवडिलांची साक्ष

या फाइलमधला एक कागद असा आहे, जो जगातला कोणताही तज्ज्ञ लिहू शकत नाही. विकार बालपणापासून होता हे दाखवल्याशिवाय निदान पक्के होत नाही, आणि मुलाचे बालपण आपल्याखेरीज कोणाला आठवणार? नव्या डॉक्टरांना शंका वाटू नये यासाठी आपण एक पानभर टिपण लिहावे. शाळेत तो बाकावर किती वेळ बसे, गृहपाठ पूर्ण होई का, दप्तर-पाटी हरवत असे का, शिक्षक काय तक्रार करीत, इतर भावंडांपेक्षा कोणत्या बाबतीत वेगळा होता, कधी डोक्याला मार लागला होता का, फिट आली होती का, घराण्यात आणखी कोणी तशा स्वभावाचे होते का. जुनी प्रगतिपुस्तके सापडली तर उत्तमच. शिक्षकांचा शेरा हा मोलाचा पुरावा ठरतो. लिहिता येत नसेल तर नातवाकडून लिहून घ्यावे आणि खाली अंगठा किंवा सही करावी. खोटे किंवा वाढवून लिहू नये. जे आठवत नाही ते आठवत नाही असेच लिहावे.

हे टिपण लिहिताना काही आईवडिलांच्या मनाला टोचणी लागते. ज्याला आपण आळस समजून बोल लावले, ती त्याची अडचण होती, हे तेव्हा लक्षात येते. त्या काळी हा विकार गावात कोणाला ठाऊक नव्हता. टोचणी असेल तर तिचे रूपांतर आता नीट लिहिलेल्या एका पानात करावे, एवढेच हाती आहे आणि ते पुरेसे आहे.

खंड पडलाच तर

एवढे करूनही कधी दुकानात माल नसतो, कधी घाटात दरड कोसळते, कधी डॉक्टर रजेवर असतात. अशा वेळी घाबरून जाऊ नये. मिथिलफेनिडेट काही दिवस चुकले तर सहसा जिवाला धोका नसतो. पण विस्मरण, चिडचिड, घाईचे निर्णय लगेच परततात. त्या दिवसांत दुचाकी, विळा-कोयता, कीटकनाशकाची फवारणी आणि पैशांचे मोठे व्यवहार यांत अधिक जपावे. अ‍ॅटोमॉक्सेटिनचा खंड वेगळ्या तऱ्हेने महाग पडतो, कारण मिळवलेला गुण पुन्हा यायला काही आठवडे लागू शकतात. कोणत्याही औषधाची चुकलेली मात्रा भरून काढण्यासाठी दोन गोळ्या एकदम देऊ नयेत, संध्याकाळी उशिरा उत्तेजक गोळी देऊ नये आणि बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर पुन्हा सुरू करताना डॉक्टरांना विचारावे. दुसऱ्या रुग्णाकडून उसनी गोळी आणणे तर सर्वस्वी वर्ज्य.

खंड टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे औषध संपण्याच्या तारखेऐवजी त्याच्या दहा दिवस आधीच्या तारखेवर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करणे. त्या दिवशी दुकानाला फोन, रुग्णालयाच्या वाराची चौकशी आणि एसटीच्या वेळेची खात्री ही तीन कामे करावीत. छातीत दुखणे, भोवळ येणे, अतिशय बेचैनी किंवा जीव नकोसा वाटणे अशी लक्षणे दिसली तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच जवळचे रुग्णालय गाठावे. मनाची घालमेल असह्य होत असेल तर १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही विनामूल्य सेवा चोवीस तास उपलब्ध आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या या सेवेत मराठीतूनही बोलता येते. तेथून मिथिलफेनिडेटची चिठ्ठी मिळणार नाही. पण जवळ कोणते केंद्र आहे आणि पुढे काय करावे, याचे मार्गदर्शन मिळते.

सांभाळावे, पाळत ठेवू नये

साखळीचे टोक धरणे आणि माणसाला साखळीने बांधणे यांत अंतर आहे. पस्तीस वर्षांच्या मुलाला सर्वांसमोर “गोळी घेतलीस का?” असे विचारले तर तो गोळीच टाळू लागतो. त्यापेक्षा आठवड्याच्या कप्प्यांची डबी चहाच्या कपाशेजारी ठेवावी. कप्पा रिकामा दिसला की विचारण्याची गरज उरत नाही. घरात लहान नातवंडे असतील तर मूळ पाकीट मात्र कुलपातच हवे. डॉक्टरांशी बोलताना आधी त्याला बोलू द्यावे, आपण राहिलेले सांगावे. त्याच्या उपचाराविषयी गुप्तता हा त्याचा कायदेशीर हक्क आहे. भावकीत, देवळाच्या पारावर किंवा त्याच्या मालकापाशी त्याची वाच्यता त्याच्या संमतीशिवाय करू नये. सुनेचा वाटाही विसरू नये. बहुतेक घरांत निस्तरण्याचे काम तिच्या वाट्याला येते आणि श्रेय कोणालाच मिळत नाही.

आपल्यामागे कोण?

हा प्रश्न ज्येष्ठांच्या मनात असतो, पण तो सहसा कोणी मोठ्याने विचारत नाही. मुलाची तारीख लक्षात ठेवणारे आपण सत्तरीला आलो आहोत. आपलीच दृष्टी मंदावते, गुडघे साथ देत नाहीत. म्हणून फाइल आपल्याच हाती शेवटपर्यंत ठेवणे हा उपाय नव्हे. आज फाइल आपण लावावी, पुढच्या महिन्यात त्याच्याकडून लावून घ्यावी, त्यापुढच्या महिन्यात खिडकीवर त्याला पुढे करून आपण बाकावर बसावे. औषधाचा परिणाम चालू असतानाच ही सवय लागते. खंड पडल्यावर नाही. चिठ्ठीची तारीख मोबाइलच्या गजरावर, दुकानदाराचा क्रमांक दाराच्या मागे आणि फाइलची जागा घरात सर्वांना ठाऊक, एवढी तजवीज हळूहळू करता येते.

कायद्याचाही येथे आधार आहे. २०१७ च्या अधिनियमाच्या कलम १४ नुसार प्रौढ व्यक्तीला उपचारासंबंधीच्या निर्णयांत मदतीसाठी आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. त्यासाठी साधा कागद आणि सही किंवा अंगठा पुरतो. पत्नी, बहीण, मित्र यांपैकी कोणाला नेमायचे हे त्याने ठरवावे. आपण फक्त विषय काढावा. तो काढण्यासाठी योग्य दिवस म्हणजे घरात सारे बरे चाललेले असेल तो.

खासगी आणि सरकारी या दोन दारांमधला रस्ता शासनाने रुंद करायला हवाच. तालुक्याच्या रुग्णालयात तज्ज्ञ नियमित यावेत, औषधाची सोय व्हावी, एका दाराचे निदान दुसऱ्या दारी वाचले जावे, ही मागणी ग्रामसभेत आणि रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीपुढे लेखी मांडावी. तोवर मंचरच्या एसटीत बसताना पिशवीत फाइल आहे ना, चिठ्ठीच्या दोन प्रती आहेत ना, एवढे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.